तेराव्यानंतरचे दिवस : शोकात आधार कसा घ्यावा आणि कसा द्यावा





आपल्या सत्संगातील एखाद्या घरी मृत्यू होतो. बातमी कळताच आपण सगळे धावून जातो. कुणी पाहुण्यांच्या झोपण्याची सोय करतो, कुणी भटजींना फोन करतो, कुणी दारातील चपला नीट लावतो. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भाताची पातेली येतात. पुढचे बारा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. मग तेरावा होतो. गोडाचे जेवण होते. पाहुणे आपापल्या गावी परततात. आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्या घरात एकाच कपाचा चहा टाकला जातो.

या पाठात आपण त्या चौदाव्या दिवसापासून पुढच्या काळाचा विचार करणार आहोत. तुमच्या घरी नुकतेच कुणी गेले असेल, तर हा पाठ तुमच्यासाठी आहे. अशा घरी तुम्हाला भेटायला जायचे असेल, तर तो तुमच्यासाठीही आहे. प्रत्येक समाजाचे दुखवट्याचे दिवस आणि रीती वेगळ्या असतात. इथे 'तेरावा' हा शब्द वापरला असला, तरी तुमच्या घरी जी रीत असेल ती मनात धरून वाचावे.

१. रडू येणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे

अनेक साधकांच्या मनात एक प्रश्न असतो, पण तो कुणी मोठ्याने विचारत नाही. "इतकी वर्षे सत्संग केला, आत्मा अमर आहे हे शेकडो वेळा ऐकले, मग मला इतके रडू का येते? माझी साधना वाया गेली का?" पुष्कळदा भेटायला आलेली माणसेच नकळत हा प्रश्न मनात पेरतात. "तुम्ही तर साधक आहात, तुम्हीच असे खचलात तर कसे?" असे ती म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला आता दोन ओझी वाहावी लागतात. एक माणूस गेल्याचे आणि दुसरे आपण चांगले साधक नसल्याचे.

या बाबतीत महाभारत काय दाखवते ते पाहू या. युद्ध सुरू होण्याआधी अर्जुनाने गीता ऐकली, तीही साक्षात श्रीकृष्णाच्या मुखातून. तेराव्या दिवशी अभिमन्यू मारला गेला. संध्याकाळी छावणीत परतल्यावर अर्जुनाला हे कळले, तेव्हा तो पुत्रशोकाने कोसळला, विलाप करू लागला. श्रीकृष्णाने त्याला धीर दिला, पण 'तू गीता विसरलास' असा ठपका ठेवला नाही. पुढे अर्जुनानेच विनंती केली आणि श्रीकृष्ण सुभद्रेचे सांत्वन करायला गेला. ज्याने गीता ऐकली तो रडला आणि ज्याने सांगितली तो आपल्या बहिणीजवळ जाऊन बसला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

महाभारताच्या अठरा पर्वांचा क्रमही पाहा. अकरावे स्त्रीपर्व आहे आणि बारावे शांतिपर्व. आधी रणभूमीवर येऊन स्त्रिया आक्रोश करतात. गांधारी एकेका मृत वीराकडे बोट दाखवत श्रीकृष्णाशी बोलत राहते. तो ऐकत राहतो. शेवटी ती त्यालाच शाप देते आणि तो शाप तो स्वीकारतो. त्यानंतर अंत्यसंस्कार होतात, गंगेवर जलांजली दिली जाते. राजधर्म आणि मोक्षधर्म यांची मोठी चर्चा त्यानंतरच्या शांतिपर्वात येते. व्यासांनी शोकाला एक पूर्ण पर्व दिले आहे आणि ते शांतीच्या आधी ठेवले आहे.

याच स्त्रीपर्वाच्या सुरुवातीला एक छोटा प्रसंग आहे. शंभर मुले गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर उपदेश करतो. जीवनाची नश्वरता, कर्माची गती, सगळे सांगतो. विदुरासारखा ज्ञानी दुसरा कोण? पण ते सगळे ऐकूनही धृतराष्ट्र शुद्ध हरपून जमिनीवर पडतो. तेव्हा जवळची माणसे काय करतात? त्याच्या अंगावर गार पाणी शिंपडतात, ताडाच्या पंख्याने वारा घालतात, हळूहळू अंग चोळतात. ज्ञान खोटे नव्हते. पण त्या घटकेला राजाला पाणी आणि वारा हवा होता.

हा पाठ जर एका वाक्यात लक्षात ठेवायचा असेल, तर हे वाक्य ठेवा : आधी पाणी आणि वारा, मग विदुराचा उपदेश.

आपल्या संतपरंपरेतही हेच दिसते. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे वर्णन नामदेव महाराजांच्या समाधीच्या अभंगांत आहे. त्यात निवृत्तिनाथांचा शोकही आहे. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरूही. ज्यांनी शिष्याला आत्मज्ञान दिले, त्यांच्याही मनाचा बांध त्या दिवशी फुटला. संतांनी हे लपवले नाही. वारकरी सातशे वर्षे हे अभंग समाधी सोहळ्यात गातात आणि गाताना स्वतःचे डोळे पुसतात.

२. शोक सरळ रेषेत चालत नाही

"आता महिना झाला, आता सावरायला हवे," असे शोकात असलेला माणूस स्वतःलाच सांगत असतो. पण शोकाला असे वेळापत्रक नसते. एखादा आठवडा बरा जातो आणि मग भाजीच्या पिशवीत त्यांच्या आवडीची मेथी दिसते आणि पुन्हा पहिल्या दिवसासारखे वाटते. याचा अर्थ तुम्ही मागे गेलात असा नाही.

नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली शोकाविषयी एक विचार मांडला. शोकात असलेला माणूस दोन बाजूंमध्ये झुलत असतो, असे ते सांगतात. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणे, पोकळी. दुसऱ्या बाजूला वीजबिल, मुलांची शाळा, नोकरी, नवी घडी बसवणे. माणूस कधी इकडे असतो, कधी तिकडे, आणि हे झुलणेच त्याला हळूहळू पुढे नेते. म्हणून सकाळी रडलेली आई दुपारी नातवाच्या बोलण्यावर हसली, तर तिने अपराधी वाटून घेऊ नये. आणि घरच्यांनीही "आता हसलीस ना, झाले मग" असे म्हणू नये. संध्याकाळी ती पुन्हा रडेल. दोन्ही खरे आहे.

शोक शरीरातही असतो. झोप लागत नाही किंवा उठवत नाही. भूक मरते. गॅस चालू राहतो, किल्ल्या हरवतात, वाचलेले लक्षात राहत नाही. यामुळे "मला वेड लागते आहे का?" अशी भीती वाटते. सुरुवातीच्या महिन्यांत असे होणे स्वाभाविक आहे. या काळात घर विकणे, गाव सोडणे, नोकरी सोडणे असे मोठे निर्णय शक्य असेल तर पुढे ढकलावेत.

काही दिवस विशेष जड जातात हे आधीच माहीत असू द्या. त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी, मासिक श्राद्धाची तिथी, पितृपक्ष, वर्षश्राद्ध. त्या दिवशी एकटे राहू नये. कुणाकडे जायचे किंवा कुणाला बोलवायचे हे आठवडाभर आधी ठरवून ठेवावे.

३. किसा गौतमीला मोहरी का मिळाली नाही

किसा गौतमीची कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. तिचे लहान मूल गेले. ते मेले आहे हे ती मानायलाच तयार नव्हती. त्याला कवटाळून ती औषध मागत फिरत होती. शेवटी ती भगवान बुद्धांकडे आली. बुद्धांनी तिला श्रावस्ती नगरात जाऊन मूठभर मोहरी आणायला सांगितली. अट एकच, ज्या घरी कधी कुणाचा मृत्यू झाला नाही अशाच घरची मोहरी हवी.

या कथेचा अर्थ आपण बहुतेक वेळा असा सांगतो की मृत्यू कुणालाच चुकत नाही. तो बरोबरच आहे. पण हे वाक्य बुद्ध तिला तिथेच, बसल्या जागी सांगू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तिला घरोघरी पाठवले. विचार करा, प्रत्येक दारात काय झाले असेल? मोहरी तर सगळ्यांकडेच होती. पण "तुमच्या घरी कुणी गेले आहे का?" असे विचारल्यावर कुणी आपल्या वडिलांबद्दल सांगितले असेल, कुणी मुलीबद्दल, कुणी पतीबद्दल. दिवसभर ती इतरांचे दुःख ऐकत गेली. संध्याकाळी परतली तेव्हा ती आता एकटी नव्हती, आणि मग मुलाला निरोप देणे तिला शक्य झाले.

यातून आपल्या सत्संग मंडळांना एक काम घेता येईल. एखाद्या भगिनीचे पती गेले असतील, तर चार-पाच वर्षांपूर्वी तोच प्रसंग सोसलेली दुसरी भगिनी तिच्या सोबतीला जाऊ शकते. मूल गमावलेल्या आईबाबांकडे तसेच आईबाबा जाऊ शकतात. मात्र एक पथ्य पाळावे. "माझे दुःख तर याहून मोठे होते" असे तोलू नये. गौतमीला कुणीही तसे म्हटले नसेल.

४. भेटायला जाताना

जाण्यापूर्वी आपल्या मनात भीती असते. "मी काय बोलू?" खरे तर फारसे बोलायचे नसतेच. जावे, जवळ बसावे, हात हातात घ्यावा. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. पुष्कळ लोक दुःख वाढेल म्हणून नाव टाळतात, पण घरच्यांना ते नाव ऐकायचे असते. "काकांनी मला पहिल्यांदा हार्मोनियमवर सा लावायला शिकवले" अशी एखादी खरी आठवण सांगितली, तर ती घरच्यांना आयुष्यभर पुरते.

काही वाक्ये मात्र जपून वापरावीत :

- "देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात." ऐकणाऱ्याला देवाचाच राग येऊ शकतो.
- "निदान त्रास न होता गेले." हे घरच्यांनी म्हटले तर ठीक, आपण म्हणू नये.
- "तुम्हाला दुसरे मूल होईल." हे कधीही बोलू नये.
- "वेळेवर मोठ्या डॉक्टरांना दाखवले असते तर..." या एका वाक्याने कुणी आयुष्यभर झुरू शकतो.
- "काही लागले तर सांगा." हे चुकीचे नाही, पण यात काम मागायची जबाबदारी दुःखी माणसावरच पडते.

शेवटच्या वाक्याऐवजी नेमके काहीतरी बोलावे. "वहिनी, मी भाजीला निघाले आहे, तुमच्यासाठी पालक आणि दूध आणते." "मावशी, गुरुवारी सत्संगाला जाताना मी तुम्हाला घ्यायला येईन. यावेसे वाटले नाही तर दारातूनच परत जाईन." "दादा, बाबांच्या पेन्शनच्या कामाला मंगळवारी मी सोबत येतो." अशा वाक्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. तेवढे दुःखातही जमते.

आपले बरेच वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. समजा, सुरतमध्ये नोकरीनिमित्त राहणारे एक मराठी कुटुंब आहे. घरातील कर्ता पुरुष अचानक गेला. साताऱ्याहून दीर, नणंदा, माहेरची माणसे आली. चौदाव्या दिवशी सगळे गाडीत बसून गेले. आता त्या सोसायटीत तिच्याशी मराठीत बोलणारे कुणी नाही. दुःख आपल्या भाषेत सांगता न येणे हे वेगळेच एकटेपण आहे. अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा मराठीत केलेला साधा फोनही मोठा आधार ठरतो. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तरी एवढे करू शकता.

तेराव्यानंतरचे काम विसरले जाऊ नये म्हणून मंडळातील दोघा-तिघांनी एका वहीत तारखा लिहून ठेवाव्यात. पहिले दोन महिने दर आठवड्याला एक भेट. त्यानंतर वर्षभर महिन्यातून एक फोन. पहिल्या सणाला सोबत जेवण. वर्षश्राद्धाला उपस्थिती. ही वही म्हणजे प्रेमात कमतरता असल्याची खूण नाही. आपण सगळे कामात बुडालेले असतो, म्हणून लिहून ठेवायचे.

घरात लहान मुले असतील तर त्यांच्याशी खरे बोलावे. "आजोबा झोपले आहेत" असे सांगितले, तर मुलाला झोपायचीच भीती वाटू शकते. "गावाला गेले" म्हटले, तर ते वाट पाहत राहते. "आजोबांचे शरीर खूप आजारी झाले, ते काम करायचे थांबले, ते आता परत येणार नाहीत, आणि आपल्याला त्यांची आठवण येणार" एवढे साध्या शब्दांत सांगावे. यात तुझी काही चूक नाही, हेही सांगावे, कारण मुले मनातल्या मनात स्वतःला दोष देतात.

५. कागदपत्रांचा भार वाटून घेणे

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो. शोकात असलेल्या माणसाला बँकेच्या खिडकीपाशी उभे राहून "ते वारले" असे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. प्रत्येक वेळी ते नव्याने सोसावे लागते. तिथे आपण सोबत असणे हीसुद्धा सेवा आहे. पुढील माहिती जवळ ठेवावी.

- मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयात व्हायला हवी. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर रुग्णालय तशी माहिती कळवते, तरी खात्री करावी. दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात, कारण त्या प्रत्येक ठिकाणी लागतात.
- गेलेल्या व्यक्तीचे एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नयेत. ते नियमाला धरून नाही आणि पुढे वारसांमध्ये वाद होऊ शकतो. बँकेला कळवून रीतसर दावा करावा.
- खात्याला नॉमिनी असेल, तर सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने. तो आपोआप मालक होत नाही, हे घरात आधीच बोललेले बरे.
- पासबुकाच्या नोंदी नीट पाहाव्यात. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची वर्गणी असू शकते. त्यात २ लाख रुपयांचे विमा संरक्षण असते. २० रुपयांची वजावट असेल, तर ती अपघात विम्याची असू शकते. अनेक कुटुंबांना हे माहीतच नसते.
- व्यक्ती नोकरीत असताना गेली असेल, तर भविष्यनिर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्याच्याशी जोडलेला विमा या तिन्हींची चौकशी कंपनीत करावी.
- गेलेल्या व्यक्तीचे त्या वर्षाचे आयकर विवरणपत्र भरायचे असेल, तर ते कायदेशीर वारसाला भरावे लागते.

आणि एक महत्त्वाचे. पहिल्या काही दिवसांत कुणी कोऱ्या कागदावर किंवा घाईने सही मागितली, मग तो जवळचा नातेवाईक का असेना, तर "तेरावा होऊ द्या, वाचून करू" असे म्हणायला आपण त्या घरच्यांच्या बाजूने उभे राहावे.

६. ज्या रूढी दुःख वाढवतात

सांत्वनाबद्दल बोलताना आपण एक गोष्ट टाळू शकत नाही. पती गेल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पुढे हळदीकुंकवाला न बोलावणे, घरच्याच लग्नात तिला मागे उभे करणे. जिला सगळ्यांत जास्त आधार हवा, तिलाच अशुभ ठरवायचे, हे कोणत्याही अध्यात्मात बसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. जे एक गाव करू शकते, ते आपले सत्संग मंडळ नक्की करू शकते. आरतीचे ताट तिच्या हातात देण्यापासून सुरुवात करता येईल.

रमाबाई रानडे यांचे चरित्र या ठिकाणी आठवते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. त्यानंतर सुमारे वर्षभर रमाबाई एकांतात राहिल्या. मग हळूहळू त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले, जिथे असंख्य स्त्रिया शिकल्या, परिचारिका झाल्या, पायावर उभ्या राहिल्या. १९१० साली पतीच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शोकाला त्यांनी वर्षभर वेळ दिला. पुढे काम केले तेव्हा पतीला विसरून केले नाही, त्यांच्या आठवणी उराशी धरूनच केले. सावरणे म्हणजे विसरणे नव्हे, हे यातून कळते. मात्र प्रत्येकाने संस्थाच उभारली पाहिजे असे नाही. वडिलांच्या नावाने एका मुलाची फी भरणे किंवा आईची लोणच्याची कृती सुनेला शिकवणे हेही त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

७. तुम्ही स्वतः शोकात असाल तेव्हा

ध्यानाला बसल्यावर मन लागत नसेल, तर स्वतःवर जबरदस्ती करू नका. शांत बसले की आठवणी उसळून येतात, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटे बसा. डोळे मिटवत नसतील तर समईच्या ज्योतीकडे पाहा. जप होत नसेल तर दुसऱ्याचा जप ऐका. सत्संगात मागच्या रांगेत नुसते बसलात, भजनाला आवाज दिला नाहीत, तरी ती उपस्थितीच आहे. मध्येच उठून बाहेर जावेसे वाटले तर जा. कुणी काही म्हणणार नाही.

देवाचा राग आला तर तो देवालाच सांगा. गांधारीने सांगितला. देवाशी भांडता येते ते देव आपला वाटतो म्हणूनच.

शरीराची रोजची चार कामे मात्र सोडू नका. वेळेवर थोडे तरी जेवण, आंघोळ, पंधरा मिनिटे उन्हात चालणे, रात्री अंथरुणाला पाठ टेकणे. औषधे चालू असतील तर ती चुकवू नका. झोपेसाठी दारूचा किंवा मनाने घेतलेल्या गोळ्यांचा आधार घेऊ नका.

आणि मदत आली की ती घ्या. आयुष्यभर इतरांसाठी स्वयंपाक केलेल्या अनेक भगिनींना दुसऱ्याचा डबा घेताना संकोच वाटतो. तो डबा घेताना तुम्ही देणाऱ्यालाही सेवेची संधी देत असता.

८. डॉक्टरांची मदत कधी घ्यावी

शोक हा आजार नाही. पण कधी कधी तो आजारात अडकतो. बरेच महिने उलटूनही दुःखाची तीव्रता जराही कमी होत नसेल, माणूस रोजची कामेच करू शकत नसेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि तिथे किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. आणि "मलाही त्यांच्याकडे जायचे आहे", "आता जगून काय करू" असे बोलणे ऐकू आले, तर महिने मोजत बसू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत बोलता येते, मराठीतही बोलता येते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे साधनेवरचा विश्वास गमावणे नव्हे. पाय मोडल्यावर आपण प्लास्टर घालतो आणि नामस्मरणही करतो, तसेच हे.

चिंतनासाठी प्रश्न

१. मी शोकातील कुणाला कधी लवकर गप्प करण्याचा प्रयत्न केला आहे का? तेव्हा अस्वस्थ कोण होते, ती व्यक्ती की मी?

२. धृतराष्ट्राला पाणी शिंपडणाऱ्या आणि वारा घालणाऱ्या माणसांची कामे आजच्या घरात कोणती असतील? त्यांपैकी तीन लिहा.

३. आपल्या मंडळातील कोणत्या घरी गेल्या वर्षभरात मृत्यू झाला? तिथे आपली शेवटची भेट कधी झाली?

४. माझ्या पश्चात घरच्यांना कोणती कागदपत्रे शोधावी लागतील? ती कुठे आहेत हे त्यांना माहीत आहे का?

या आठवड्याचा संकल्प

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जे घर आठवले असेल, तिथे या आठवड्यात जा. जाणे शक्य नसेल तर फोन करा. उपदेश तयार करून जाऊ नका. गेलेल्या माणसाची एक आठवण आणि घरी केलेले थोडे काही खायला घेऊन जा. चहा झाला की कप विसळून ठेवा आणि पुढच्या वेळी कधी येणार तो वार सांगून निघा.

ज्यांच्या घरी आज एकाच कपाचा चहा होतो आहे, त्या सर्व बंधू-भगिनींना परमेश्वर बळ देवो, आणि त्यांच्या दारात जाण्याची बुद्धी आपल्याला देवो, हीच प्रार्थना.